मुलांच्याच गमीवर ‘मुलांपासून दूर ठेवा’ का लिहिलेलं असतं?

शाळा सुटायच्या वेळी आमच्या दुकानात गिऱ्हाईक जोडीने येतं. आई आणि तिच्या हाताला लोंबकळणारं पोर. आई क्रोसिन मागते, पोराची नजर काउंटरखालच्या स्टँडवर. तिथे अस्वलाच्या नि ताऱ्याच्या आकाराच्या गमींच्या बरण्या. गमी म्हणजे जेलीसारखी मऊ, चघळून खायची व्हिटॅमिनची गोळी. रंग आईस्क्रीमच्या गाडीवरचे, चव स्ट्रॉबेरीची.

मागच्या महिन्यात अशाच एका आईने मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा फोटो होता. बरणीची मागची बाजू, बारीक इंग्रजी अक्षरं, त्यातल्या तीन ओळींना लाल गोल आणि खाली मजकूर: ‘कंपनी स्वतःच कबूल करतेय! दहा ग्रुपमध्ये पाठवा.’

“ताई, हे लहान मुलांचंच आहे ना? मग ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका’ असं कसं लिहितात? आम्ही वर्षभर देतोय.”

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. गिरगावात बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. त्या दिवशी मागे चार माणसं खोळंबली होती, म्हणून तिला दोन वाक्यांत वाटेला लावलं. ते उत्तर अपुरं होतं. हे पुरं.

तीन ओळी

लाल गोलातली पहिली ओळ होती ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. फॉरवर्ड करणाऱ्याने अर्थ लावला की औषधातसुद्धा वापरायच्या लायकीचं नाही. अर्थ तसा नाही. ही वस्तू औषध म्हणून विकलेली नाही, त्यामुळे याने ॲनिमिया बरा होईल, मुडदूस जाईल असं कंपनीला म्हणता येत नाही. ही ओळ गिऱ्हाइकाला घाबरवायला नाही, कंपनीची जीभ आवरायला आहे.

दुसरी, रोजच्या ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नका. ही तुमच्यासाठी, आणि खरी महत्त्वाची हीच. तिच्याकडे पुढे सविस्तर येते.

तिसरी, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. ‘मुलांना देऊ नका’ आणि ‘मुलांच्या हाती लागू देऊ नका’ यांत फरक आहे. खोकल्याचं औषध आपण मुलालाच देतो, तरी बाटली कपाटात वरच्या फळीवर. चमचा आईच्या हातात असला की ते औषध, बाटली पोराच्या हातात गेली की भानगड. इथेही तेच, फक्त खोकल्याचं औषध पोर स्वतःहून तोंडाला लावत नाही. गमी लावतं. कंपनीने ती तशीच बनवली आहे.

चौथीही एक ओळ असते, तिला त्या फोटोत गोल नव्हता: हे चौरस आहाराला पर्याय नाही. मला विचाराल तर पहिला गोल हिलाच हवा होता.

या ओळी कंपनीने मनाने लिहिलेल्या नसतात. अन्नपदार्थांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था म्हणजे एफएसएसएआय. तिने २०१६ साली हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलचे, म्हणजे जेवणाला पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांचे, नियम आणले. त्या नियमांत ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द, ‘औषधी वापरासाठी नाही’, प्रमाण ओलांडू नका आणि मुलांपासून दूर, हे सगळं छापणं सक्तीचं आहे. म्हणजे या ओळी दिसल्या तर कंपनीने नियम पाळलाय. नसतील तर जास्त विचारात पडा. त्याच नियमांत हेल्थ सप्लिमेंट हा प्रकार पाच वर्षांवरच्या माणसांसाठी धरलेला आहे, हेही बालवाडीतल्या पोरांना गमी देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

एकाच फळीवर चार रकाने

आता खरा गोंधळ. माझ्या दुकानात एका फळीवर शेजारी शेजारी उभे आहेत: गमीची बरणी, दुधात घालायची चॉकलेटी पावडर, च्यवनप्राश आणि लोहाचं सिरप. गिऱ्हाइकाच्या लेखी चौघंही ‘टॉनिक’. कायद्याच्या लेखी चौघं वेगवेगळ्या रकान्यांत.

गमी हेल्थ सप्लिमेंट, म्हणजे कायद्याने अन्न. तिच्यावर वरच्या ओळी आल्या. दुधातली पावडरही अन्नच, पण माल्ट किंवा दुधापासूनचं साधं पेय म्हणून नोंदलेली, म्हणून तिच्यावर त्या ओळी बहुधा नसतात. च्यवनप्राश सहसा आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनतो. लोहाचं सिरप हे सरळ औषध, १९४० च्या औषध कायद्याखालचं.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोहोंची तपासणी एकाच छपराखाली चालते, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या. छप्पर एक, नियमांची पुस्तकं वेगळी.

ओळखायचं कसं? बरणीवर एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी नंबर असेल तर ते अन्न. ‘मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर’ असेल तर औषध. इशारा नाही म्हणजे बिनधोक, असं मात्र धरू नका. इशारा नसण्याचं कारण पुष्कळदा एवढंच की ती वस्तू दुसऱ्या रकान्यात बसते.

याच रकान्यांवरून एप्रिल २०२४ मध्ये गाजावाजा झाला. आपल्या अन्नकायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी काही व्याख्याच नाही, असं सांगून एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना दूध-माल्टची पेयं त्या नावाखाली दाखवू नका म्हणून बजावलं. पाठोपाठ वाणिज्य मंत्रालयानेही बोर्नव्हिटासारखी पेयं त्या यादीतून काढायला लावली. डब्यातली पावडर त्या रात्रीत बदलली नव्हती. वर्षानुवर्षं आपण जो शब्द वाचून डबा उचलत होतो त्याला कायद्यात जागाच नव्हती, एवढंच उघड झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) या तीन अक्षरांचं तेच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांना ती नावात वापरायला बंदी आली. जुलाब झालेल्या पोराला ती पेयं पाजणारे आईबाप मी काउंटरवर पाहिलेत. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

पाहुणा आणि पागडीचा भाडेकरू

‘व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल.’ हे वाक्य मी रोज ऐकते. अर्धं खरं आहे.

बी गटातली बहुतेक व्हिटॅमिनं आणि सी पाण्यात विरघळतात. ती पाहुण्यासारखी. आली, चहा घेतला, संध्याकाळच्या लोकलने परत गेली. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, तो पाहुणा परत चाललेला असतो.

ए, डी, ई आणि के मात्र चरबीत विरघळतात. हे गिरगावातले पागडीचे भाडेकरू. एकदा शिरले की सहजी खोली सोडत नाहीत. ए यकृतात जाऊन बसतं, डी चरबीत. रोज एक-एक जण वाढत गेला तर खोली भरते. ए फार साठलं की डोकेदुखी, उलट्या, यकृताला त्रास. डी फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, पोर मलूल होतं, बद्धकोष्ठ होतो, मूत्रपिंडांवर ताण येतो.

एका गमीने यातलं काही होत नाही. होतं ते बेरजेने. सकाळी दुधात पावडर, तिच्यात डी. डब्यात गमी, तिच्यात डी. रात्री सिरप, त्यातही डी. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे मुलाला रोज ६०० युनिट डी पुरतं. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेत रोजची वरची मर्यादा ३००० युनिट धरतात. म्हणजे मधे मोकळी जागा बरीच आहे, उगाच धसका घेऊ नका. पण आमच्याकडे डीचं साठ हजार युनिटचं पाकीट मिळतं. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. डॉक्टरांची चिठ्ठी नीट न वाचता ते रोज एक घेणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. आजोबांचं तसलं पाकीट नातवाच्या दुधात गेलं, तर त्या मोकळ्या जागेची वासलात एका घोटात लागते.

लोहाचा हिशोब

व्हिटॅमिनची जादा मात्रा सहसा महिनोन् महिने साचून भोवते. लोहाची एका दुपारीही भोवू शकते. म्हणून इथे थोडं थांबते.

लोहाच्या गोळीवर दोन आकडे असतात. मोठा आकडा क्षाराचा, समजा फेरस फ्युमरेटचा. दुसरा ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे त्या क्षारातलं निव्वळ लोह. नारळ सोलून खोबरं किती निघालं, तसं. हिशोब नेहमी खोबऱ्याचा करायचा.

डॉक्टरमंडळींचा ठोकताळा असा: वजनाच्या दर किलोमागे निव्वळ लोह २० मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, ६० च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. दोन वर्षांचं पोर साधारण बारा किलोचं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत निव्वळ लोह ६० मिलिग्रॅम. म्हणजे चार गोळ्यांना पोर त्रासाच्या उंबरठ्याशी आणि बारा गोळ्यांना धोक्याच्या. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी घरात पहिलं पोर नेमकं याच वयाचं असतं, आणि गोळ्या असतात आईच्या उशाशी.

लोहाच्या विषबाधेचा दगा वेगळाच. आधी उलट्या, जुलाब, पोटदुखी. मग काही तासांनी पोर शांत होतं, बरं वाटतंय असं दिसतं, घरचे म्हणतात, ‘निभावलं.’ या शांततेनंतर पोर एकाएकी खचू शकतं, कारण लोह तोवर आत यकृतापर्यंत पोचलेलं असतं. म्हणून गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पोर खेळतंय म्हणून घरी बसायचं नाही. मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, त्याने नवीन संकट ओढवतं. उरलेली स्ट्रिप किंवा बरणी सोबत घ्यायची आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

“इतकं आहे तर विकायला परवानगी कशी?”

परवाना कसला आहे ते बघा. अन्नाचा परवाना हा बनवणाऱ्याला मिळतो, बरणीतल्या प्रत्येक गमीला नाही. नव्या औषधाला बाजारात यायच्या आधी माणसांवरच्या चाचण्यांचे पुरावे द्यावे लागतात. ठरलेल्या यादीतली व्हिटॅमिनं ठरलेल्या मर्यादेत घालून गमी बनवली, तर तसली चाचणी लागत नाही. तपासणी होते ती पुढे, नमुने उचलून.

बरणीवरचा आकडाही काटेकोर असतोच असं नाही. व्हिटॅमिन उन्हात, दमट हवेत विरतं (मुंबईत दोन्हीची कमी नाही), म्हणून एक्सपायरीपर्यंत आकडा टिकावा यासाठी बनवतानाच थोडं जास्त घालतात. हे रीतसर आहे. पण कधीकधी तफावत भलतीच असते. झोपेसाठी मुलांना देतात त्या मेलाटोनिनच्या गमींपैकी पंचवीस अमेरिकेत तपासल्या, निष्कर्ष २०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बावीसांवरचा आकडा चुकीचा होता. एकीत छापल्याच्या साडेतीनपट माल होता, एकीत मेलाटोनिन सापडलंच नाही.

“नैसर्गिक आहे हो” याला माझं उत्तर छोटं आहे. शरीर रेणू ओळखतं, त्याची जाहिरात नाही.

“पण पोर जेवतच नाही”

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दोन वेळा ताट घेऊन पोरामागे धावून दमलेली बाई जेव्हा म्हणते, ‘निदान गमी तरी पोटात जाते,’ तेव्हा तिला भाषण द्यायचं नसतं.

कमतरता खऱ्या आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. शंभरात एकोणसत्तर पोरं! आता बरणी उलटी करून घटकांची यादी वाचा. पुष्कळ गमींमध्ये लोह नसतंच. लोहाची चव गंजलेल्या खिळ्यासारखी, ती स्ट्रॉबेरीत लपत नाही. ज्याची वानवा आहे तेच नेमकं बरणीत नाही, आणि आई समाधानी की व्हिटॅमिन चालू आहे. मला यातली खरी हानी हीच वाटते. विषबाधा क्वचित होते, हे फुकाचं समाधान घरोघर आहे.

लोहाची कमतरता असेल तर तिच्यावर औषध आहे, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून, आणि महापालिकेच्या दवाखान्यात ते पैशांवाचून मिळतं.

प्रोटीन पावडरचं थोडक्यात. आयसीएमआरच्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, सात ते नऊच्या मुलाला सुमारे २३. एक मोठा कप दूध आणि एक अंडं मिळून बारा ग्रॅम होतात. राहिलेलं वरणभात, चपाती, उसळ, शेंगदाण्याचा लाडू यांतून येतं, अर्धवट जेवणाऱ्या पोरालासुद्धा. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अंगमेहनत करून शरीर कमावू पाहणाऱ्यांनाही प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय.

पावडरच्या डब्यावरचे टक्केही जपून वाचा. साखर, चरबी, मीठ यांच्यापुढचे टक्के दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशोबाने काढलेले असतात. त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली. तुमचं पोर दिवसाला तेवढं खातच नाही. तिथे वीस टक्के लिहिलं असेल तर त्याच्या वाट्याचे टक्के त्याहून जास्त.

“डॉक्टरांनीच लिहून दिलंय”

मग द्याच. फक्त तीन गोष्टी विचारून घ्या: कशासाठी, किती दिवस, आणि घरी जे आधीच चालू आहे त्यासकट का? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण गमी आणि पावडर हे ‘औषध’ वाटत नसल्याने डॉक्टरांना सांगितलंच जात नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी मोहिमेत दर सहा महिन्यांनी ए व्हिटॅमिनचा दोन लाख युनिटचा डोस मिळतो. तो तसाच, अंतर ठेवून द्यायचा असतो आणि तो चुकवू नये. मात्र घरात ए असलेलं आणखी काही चालू असेल तर ते तिथल्या सिस्टरांच्या कानावर घाला.

इशारा वाचतो कोण?

अमेरिकेत लोहाच्या गोळ्यांनी लहान मुलं दगावायची. १९९७ साली तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. लोहाची अपघाती जादा मात्रा हे सहा वर्षांखालच्या मुलांच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे, असं रोखठोक वाक्य लेबलवर. आणि ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोहाची प्रत्येक गोळी वेगळ्या खणात सीलबंद. मृत्यू झपाट्याने घटले. पुढे झालेल्या अभ्यासाने श्रेय दिलं ते खणाच्या पॅकिंगला. कंपन्यांच्या बाजूने लोक कोर्टात गेले आणि २००३ मध्ये पॅकिंगची सक्ती रद्द झाली, वाक्य तेवढं राहिलं.

दोन वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, पण दहा गोळ्या दहा खणांतून फोडता फोडता ते कंटाळतं. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या बहुतेक स्ट्रिपमध्येच येतात, हे नशीब. गमी मात्र बरणीत सुट्या.

आणि ज्यांना वाचता येतं त्यांचं काय? नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं. मराठी छापलं तर छापलं, सक्ती नाही. गमी देणारी बहुधा आजी असते, कारण आई-बाप दोघं सव्वाआठच्या लोकलला. त्या आजीसाठी त्या बरणीवर एक अक्षर नाही.

शब्द कसे निवडतात तेही बघा. युरोपात खाण्यातल्या टार्ट्राझिनसारख्या (हा पिवळा) सहा कृत्रिम रंगांपैकी कुठलाही असेल तर २०१० पासून छापावं लागतं की याचा मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. तोच टार्ट्राझिन, नंबर १०२, आपल्याकडच्या पाकिटावर असतो ‘परवानगी असलेला कृत्रिम रंग’ म्हणून. रंग तोच, पण एका वाक्याने आई थबकते आणि दुसऱ्याने निर्धास्त होते.

आमचा स्टँड

आता माझ्याच काउंटरखालचा तो स्टँड. तो कंपनीने फुकट दिलाय. त्यावर स्कीम होती, दहा बरण्यांवर दोन फ्री, अट एकच: स्टँड काउंटरच्या पुढे, खाली. मी घेतला. दोन वर्षं तो तिथे होता आणि पोरं त्यातून बरण्या काढून आयांच्या हातात देत होती. ‘मुलांपासून दूर’ ही ओळ मी गिऱ्हाइकांना समजावत होते ती त्या स्टँडला टेकून.

तो फोटो दाखवणारी बाई गेल्यावर मी बरण्या उचलून मागच्या फळीवर, इन्सुलिनच्या फ्रिजच्या वर ठेवल्या. पंधरा दिवसांनी कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, आला. रिकामा स्टँड बघून त्याचा चेहरा पडला.

“मॅडम, इतक्या वर ठेवल्या तर मुलांना दिसणार कशा?”

मी एक बरणी खाली काढली, मागची बाजू वळवून त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा कपाळावर चढवला, बरणी नाकाशी नेली, मग मोबाइलचा कॅमेरा उघडून अक्षरं मोठी केली. बराच वेळ वाचत होता.

“हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं,” म्हणाला.